पावसाळ्यात कॅक्टस बुडाशी कुजतो: लक्षणं, तपासणी आणि कुठे थांबायचं

दरवर्षी गौरी-गणपतीच्या सुमारास मला एकच फोटो वेगवेगळ्या लोकांकडून येतो. गोल किंवा उभा कॅक्टस, वरून हिरवागार, आणि बुडाशी मातीला टेकतो तिथे तपकिरी ओला पट्टा. खाली प्रश्न: "आठ दिवसांपूर्वी एकदम छान होता हो, अचानक काय झालं?"

अचानक काहीच झालेलं नसतं. बिघाड जूनमध्ये झालेला असतो, दिसतो ऑगस्टच्या शेवटी. पुण्यात गच्चीवर १४ वर्षं कॅक्टस वाढवतेय. पहिल्या दोन पावसाळ्यांत माझे स्वतःचे १९ गेले. त्यानंतर शेजारपाजारचे, नातेवाइकांचे, सोसायटीतल्या ओळखीपाळखीचे असे कितीतरी उपटून, कापून, सुकवून पुन्हा लावले. काही वाचले, काही नाही. जे गेले त्यांतले बहुतेक उशिरा हातात आले म्हणून गेले.

उशीर का होतो ते आधी सांगते, कारण पुढची प्रत्येक तपासणी त्यावरच उभी आहे. तुळशीचं मूळ कुजलं तर ती दोन दिवसांत मान टाकते. कॅक्टसच्या अंगात पाण्याची टाकी असते; फुगलेल्या कॅक्टसच्या वजनात ८० ते ९० टक्के पाणीच असतं. महिनोन्महिने पाऊस पडला नाही तरी तग धरता यावा म्हणून ही सोय. पण मुळं मेली तरी झाड याच टाकीतलं पाणी पीत राहतं आणि वरून तजेलदार दिसतं. म्हणजे दुष्काळात जो गुण तारतो तोच आपल्या गॅलरीत आजार लपवून ठेवतो.

आधी लक्षणं

यातली दोन-तीन एकदम दिसली तर कूज आहे असंच धरून चाला.

- मातीच्या रेषेवर पिवळट किंवा तपकिरी ओला डाग. बोटाने दाबलं तर पिकलेल्या चिकूसारखं मऊ.
- माती ओली, झाड मात्र सुरकुतलेलं. सगळ्यात फसवं लक्षण हेच. लोक याला तहान समजतात आणि आणखी एक तांब्या ओततात.
- झाड एका अंगाला कललंय आणि हलवलं तर कुंडीत डुगडुगतंय.
- हिरवी त्वचा काचेसारखी अर्धपारदर्शक झालीय.
- कुंडीला नाक लावलं की पिशवीत विसरलेल्या बटाट्यांसारखा वास.
- काट्यांचा झुपका चिमट्याने हलकेच ओढला तर बुडाच्या लोकरी गादीसकट हातात येतो.

आता ज्यावर उगाच घाबरायचं नाही ते. जुन्या कॅक्टसचा खालचा भाग खरखरीत, कडक, बदामी होतो. ती वयाने आलेली साल आहे, दाबून पाहा, लाकडासारखी लागेल. ऑक्टोबरच्या उन्हात एका बाजूला पांढरट-तपकिरी कोरडा चट्टा पडला तर तो भाजल्याचा. जाणार नाही, पण पसरणारही नाही. शेंडा अचानक बारीक आणि फिकट वाढायला लागला तर प्रकाश कमी पडतोय. तिन्हींत झाड कडक असतं, आणि खरी खूण तीच.

हे झाड कॅक्टसच आहे ना?

हे फुकटचं काम, पण निम्मे गोंधळ इथेच सुटतात. मराठीत आपण 'निवडुंग' म्हणतो त्यात दोन वेगळी घराणी येतात. शेताच्या कुंपणाला असतो तो फड्या निवडुंग खरा कॅक्टस, आणि तो मूळचा अमेरिका खंडातला. सगळंच कॅक्टस-घराणं तिकडचं; आफ्रिका आणि श्रीलंकेत आपसूक आढळणारी रिप्सॅलिसची एक जात एवढाच अपवाद. उलट सह्याद्रीच्या कड्याकपारीत उभा असलेला, पावसाळ्यात पानं येणारा आणि खरचटला की पांढरा चीक येणारा निवडुंग म्हणजे युफोर्बिया, एरंडाच्या घराण्यातला. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. कोरड्या जागेत राहून दोघांनी जाड खोड आणि काटे हाच मार्ग काढला, म्हणून सारखे दिसतात. ओळखायची खूण काट्यांच्या मुळाशी: कॅक्टसचे काटे एका लोकरी गादीतून झुपक्याने येतात, युफोर्बियाला ती गादी नसते. चिकावर पूर्ण विसंबू नका, मामिलारिया या खऱ्या कॅक्टसच्या काही जातींनाही चीक येतो. पण चीक आला तर हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय पुढचं काहीही करू नका. युफोर्बियाचा चीक डोळ्यात गेला तर फार महागात पडतं.

दुसरा गोंधळ जंगली कॅक्टसचा. आपल्याकडे घरोघरी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात, रात्री ते उमललं की शेजारीपाजारी बघायला येतात, ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या दमट जंगलांत झाडांच्या फांद्यांवर वाढणारं एपिफायलम आहे. खरं ब्रह्मकमळ हिमालयातलं, ते वेगळंच. एपिफायलम कॅक्टस असूनही वाळवंटी नाही. त्याला ओलावा चालतो, सावली चालते, कडक ऊन चालत नाही. तेव्हा 'कॅक्टस आहे ना, मग पाणी नको' म्हणून त्याला कोरडं ठेवू नका.

तिसरा प्रकार नर्सरीत हमखास असतो: हिरव्या तिधारी खांबावर लाल किंवा पिवळी गोल टोपी. ते कलम आहे. टोपीत हरितद्रव्य नाही, ती स्वतःचं अन्न करूच शकत नाही. खालचा खांब बहुतेक वेळा ड्रॅगन फ्रूटचा, म्हणजे तोही जंगली कॅक्टस. खांब मऊ पडला की टोपीही गेलीच समजा. असं कलम तसंही काही वर्षांचंच सोबती असतं, त्यासाठी रात्र जागू नका.

पुढचं सगळं वाळवंटी कॅक्टससाठी आहे: गोल्डन बॅरल, मामिलारिया, जिम्नोकॅलिशियम, फेरोकॅक्टस, उभे सेरियस.

पहिली तपासणी: बोट

जाड कापडी हातमोजा किंवा दुमडलेलं वर्तमानपत्र घ्या आणि काट्यांमधून बुडाशी चारही बाजूंनी दाबून पाहा. मग पेन्सिलच्या मागच्या टोकाने पुन्हा. खर्च शून्य, वेळ एक मिनिट.

झाड सगळीकडून कडक असेल आणि फक्त सुरकुतलं किंवा डुगडुगत असेल तर बिघाड मुळांत आहे, खोडापर्यंत आलेला नाही. यापेक्षा चांगली बातमी या प्रकरणात मिळत नाही. क्रमाने पुढे जा. पण एका जागी जरी बोट आत जात असेल तर मधल्या तपासण्या सोडा आणि आजच्या आज थेट कुंडीतून काढण्यापर्यंत पोचा. आतला पांढरा गर म्हणजे पाणी धरून ठेवणारा चिकट साठा. कूज त्यात शिरली की बाहेरच्या जाड मेणचट त्वचेआड कुणाला न दिसता वर चढते. उभ्या सेरियसमध्ये मी ती एका आठवड्यात वीतभर चढलेली पाहिली आहे.

दुसरी: उदबत्तीची काडी

जळून गेलेल्या उदबत्तीची काडी धुऊन, वाळवून, कुंडीच्या कडेने तळापर्यंत घाला. दहा मिनिटांनी काढा. वरचे दोन इंच कोरडे आणि टोक काळपट ओलं निघालं, पाणी घालून आठवडा उलटल्यावरही, तर रोग सापडला.

ही तपासणी एवढी महत्त्वाची का? सग्वारो घ्या, चित्रात दिसतो तो दोन्ही हात वर केलेला उंच कॅक्टस. अमेरिकेतलं अ‍ॅरिझोना आणि मेक्सिकोतलं सोनोरा हे त्याचं घर. एवढं मोठं धूड, पण बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या १०-१५ सेंटिमीटरमध्येच असतात आणि झाड जेवढं उंच साधारण तेवढी लांब चहूकडे पसरतात. तिथेही जुलै ते सप्टेंबर मोसमी पाऊस येतो, आणि धो धो येतो. पाऊस लागला की जुन्या मुळांवर काही तासांपासून दोन-तीन दिवसांत केसासारखी नवी मुळं फुटतात, मिळेल तेवढं पाणी ओढतात, खोडाच्या घड्या भात्यासारख्या उघडतात आणि झाड फुगतं. मग ऊन पडतं, वरची माती वाळते, आणि ती बारीक मुळं झाड स्वतःच टाकून देतं. म्हणजे पोटभर पिणं आणि मग लगेच कोरडं होणं, असा हा खेळ आहे.

तेव्हा 'आपल्याकडे पाऊस जास्त म्हणून कॅक्टस मरतो' हे मला अर्धंच पटतं. अ‍ॅरिझोनातल्या टक्सन शहरात वर्षाला ३०० मिमीच्या आसपास पाऊस, पुण्यात ७०० च्या वर, मुंबईत २००० च्या वर, हे खरं. पण माझे पाच-सहा जुने कॅक्टस उघड्या पावसात उभे आहेत आणि ठणठणीत आहेत. एका झोडपून काढणाऱ्या सरीने कॅक्टस मरत नाही. सर गेल्यानंतर पुढचे पंधरा दिवस माती वाळत नाही, त्याने मरतो. मुळांनाही श्वास लागतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हवा संपते, मुळं गुदमरतात, आणि पिथियम, फायटोप्थोरा अशा मुळं कुजवणाऱ्या, बुरशीसारख्या सूक्ष्मजीवांचे बीजाणू अशा पाण्यातून अक्षरशः पोहत मुळांपर्यंत येतात.

वजनाचीही सवय लावा. पूर्ण वाळलेली कुंडी एकदा उचलून हाताला वजन कळू द्या. नंतर काडीही लागत नाही.

तिसरी: ताटली आणि भोक

कुंडी उचला, खाली बघा. फरशी मळू नये म्हणून ठेवलेल्या ताटलीत पाणी साचलेलं असतं. ताटली काढून टाका. भोक आहे का? भेट मिळालेल्या चिनी मातीच्या गोजिरवाण्या कुंड्यांना आणि काचेच्या भांड्यांना बऱ्याचदा नसतंच. असलं तर बुजलंय का, ते जाड तारेने खोचून पाहा.

इथे एका लाडक्या समजुतीवर जरा थांबते: 'तळाला खडीचा थर घातला की निचरा होतो.' होत नाही. भांडी घासायचा नवा जाड स्पंज घ्या, पाण्यात बुडवा आणि आडवा, सपाट धरा. गळायचं तेवढं गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज उभा करा. पुन्हा धार लागेल. पाणी तेवढंच, स्पंज तोच, फक्त उंची वाढली. कुंडीतही तळाशी एक ओला थर राहतोच, आणि बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खडीत सहजासहजी उतरत नाही. खडी घातली की तो ओला थर नाहीसा होत नाही, मुळांच्या दिशेने वर सरकतो. भोकावर खापराचा एक तुकडा ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता. बाकी कुंडीभर एकच भरड मिश्रण. उथळ, पसरट बशीसारख्या कुंड्या दिसतात झकास, पण याच कारणाने जास्त काळ ओल्या राहतात.

चौथी: जागा

'काटेरी झाड घरात नको' म्हणून घरातलं कुणीतरी कॅक्टस बाहेर काढतं आणि तो नेमका पन्हाळीच्या धारेखाली येऊन बसतो. मी अशा निदान दहा कुंड्या पाहिल्यात. उलट टोक म्हणजे पावसाला भिऊन आतल्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटावर ठेवलेला. तोही कुजतो, आणि लोकांना कळत नाही की पाऊस न लागता कसा कुजला.

कारण त्याच्या श्वासात आहे. बाकीची झाडं दिवसा पानांवरची रंध्रं उघडतात. हवा आत येते, तशी वाफही बाहेर जाते. वाळवंटात दिवसा असं केलं तर झाड वाळून जाईल. म्हणून कॅक्टस रंध्रं रात्री उघडतो, कार्बन डायऑक्साइड आत घेऊन मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतो, आणि दिवसा दारं बंद करून उन्हाच्या बळावर त्याची साखर करतो. मेक्सिकोत फड्या निवडुंगाचे कोवळे फडे भाजीला खातात. सकाळी लवकर काढलेले फडे दुपारच्यापेक्षा आंबट लागतात ते याच रात्रभर साठलेल्या आम्लामुळे.

आता कपाटावरचा कॅक्टस बघा. दिवसा ऊन नाही, म्हणजे आम्लाची साखर होत नाही, वाढ नाही, पाण्याला गिऱ्हाईक नाही. आठवड्याला अर्धा कप पाणीसुद्धा कुंडीत तसंच बसून राहतं. आणि याला पानं नाहीत, ती काटे होऊन बसलीत. दिवसभर वाफ सोडून माती सुकवणारं काही नाही. काटे सावली देतात, वारा अडवतात, पाणी वाचवतात. आपल्या जुलैमध्ये नेमकं हेच वाचवणं नको असतं.

म्हणून पावसाळ्यात जागा अशी हवी: वर पारदर्शक पत्रा किंवा प्लास्टिक, बाजू उघड्या, चार-पाच तास उजेड, आणि वारा खेळता. वारा सगळ्यात मोलाचा. किनाऱ्यावर, मुंबई-कोकण-गोव्यात, रात्रीही हवा गरम आणि चिकट, त्यामुळे तिथे कुंडीतल्या मिश्रणात (ते पुढे सहाव्या तपासणीत दिलंय) भरड माल आणखी वाढवा आणि पाणी आणखी लांबवा. छपराखाली असलेल्या झाडाला मी जून ते सप्टेंबर काडी तळापर्यंत कोरडी निघाल्याशिवाय थेंब देत नाही. काही कुंड्यांना महिना जातो.

सप्टेंबर संपता संपता छप्पर काढायची घाई नको. चार महिने ढगाखाली राहिलेली त्वचा ऑक्टोबरच्या पहिल्या उन्हात भाजते. दोन आठवडे हिरवी जाळी, मग ऊन.

पाचवी: कीड

काट्यांच्या मधे, बुडाशी कापसासारखं पांढरं दिसतंय? टाचणीने काढून कागदावर चिरडा. फिकट चिकट घाण निघाली तर पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन एकेक पुसा, आठ दिवसांनी पुन्हा, आणखी आठ दिवसांनी पुन्हा. किडीने केलेली भोकं म्हणजे कुजेला उघडं दार, म्हणून हे टाळायचं नाही.

फड्या निवडुंगावरचा पांढरा कापूस चिरडल्यावर रक्तासारखा लाल रंग निघाला तर ती कोचिनियल कीड. हिची गोष्ट मजेशीर आहे. हिच्यापासून किरमिजी रंग करायचा म्हणून १७९५ मध्ये ब्राझीलहून कीड भारतात आणली. आली ती भलतीच जात. रंग जमला नाही, पण तिने निवडुंगाच्या एका जातीचा जागोजागी फडशा पाडला. पुढे १९२६ मध्ये दुसरी जात श्रीलंकेतून मुद्दाम आणली, तीही माजलेला निवडुंग मारायलाच. तेव्हा कुंडीतल्या फड्या निवडुंगावर ती दिसली तर बाकी झाडांपासून लगेच लांब न्या.

सहावी: कुंडीतून काढणं

इथपर्यंत पैसे लागले नाहीत. आता थोडे लागतील, आणि हात खरचटतील.

गेल्या सप्टेंबरमध्ये एका मावशींचा गोल्डन बॅरल आला, नारळाएवढा. कडक होता, फक्त कललेला. चादर दुमडून पट्टा केला, त्याच्यात झाड धरलं, कुंडी आडवी करून कडेला थापट्या मारल्या. झाड अलगद बाहेर आलं, फारच अलगद. खाली मुळांचा गोळा म्हणून जे होतं ते कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, काळा ओला लाडू, नर्सरीतल्या जाळीच्या पिशवीसकट. बाहेरून मावशींनी चांगली वाळूमिश्रित माती भरली होती, पण तो लाडू कुणी फोडलाच नव्हता. पिळला तर बोटांतून पाणी. मुळं ओढली की वरची साल मोज्यासारखी निघून यायची आणि आत दोऱ्याएवढी शीर उरायची. मेलेलं मूळ असंच असतं. जिवंत मूळ फिकट असतं, ओढलं तर ताणतं.

नर्सरीला बोल लावायचा नाही. तिथे रोज ऊन, रोज पाणी, आणि झाड महिन्याभरात विकायचं असतं. त्या हिशेबाला कोकोपीट ठीक. आपल्या घरी तोच लाडू एकदा पूर्ण वाळला तर पाणी घेत नाही आणि एकदा भिजला तर सोडत नाही. म्हणून नवीन कॅक्टस आणला की तो पावसाळ्याआधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, काढून लाडू फोडायचाच. मला विचाराल तर या सगळ्या लेखातलं हे एकच काम केलं तरी निम्मे कॅक्टस वाचतील.

काढल्यावर करायचं ते असं. सगळी जुनी माती झाडा. मेलेली मुळं जिवंत भागापर्यंत कापा. मुळांवर पांढरी भुकटी किंवा पिठ्या ढेकूण दिसले तर मुळं धुऊन घ्या. मग झाड सावलीत, वाऱ्यावर, आठवडाभर उघडं ठेवा. कुंडीबाहेर आठवडाभर, हे ऐकून लोक दचकतात, पण पोटातल्या टाकीचा उपयोग अशा वेळीच करून घ्यायचा.

माझं मिश्रण: तीन भाग भरड, एक भाग माती. भरड म्हणजे विटांचे ३ ते ६ मिमीचे तुकडे, चाळून पूड काढून टाकलेले. किंवा परलाइट, प्यूमिस अशी हलकी सच्छिद्र खडी, जे मिळेल ते. माती म्हणजे लाल माती आणि चांगलं कुजलेलं खत निम्मं-निम्मं. काळी माती अजिबात नको. बांधकामाची बारीक वाळूही नको, ती मातीत बसून सिमेंटसारखी घट्ट होते. झालेल्या मिश्रणावर पेलाभर पाणी ओता. दहा सेकंदांत खालून निघालं तर जमलं. शक्यतो मातीची, बिनरंगाची कुंडी, मुळांच्या पसाऱ्यापेक्षा बोटभरच मोठी. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत अशी माती ओलीच राहते. लावल्यावर आणखी आठवडाभर पाणी नाही.

मावशींचा बॅरल दिवाळीपर्यंत सुरकुतलेलाच होता. डिसेंबरमध्ये हलवून पाहिला तर हलेना. जाता जाता: हा गोल्डन बॅरल आपल्याकडे पैशाला पासरी आहे, पण मेक्सिकोतल्या त्याच्या मूळ जागी तो धोक्यात आलेला आहे, झिमापान धरणाच्या पाण्याखाली त्याच्या वस्तीचा मोठा भाग गेला. तिथेही पाणीच.

सातवी: कापणं

खोड मऊ पडलं असेल तर औषध ओतून उपयोग नाही. बुरशीनाशक पुढचं थोपवतं, कुजलेला गर पुन्हा कडक करत नाही. कापावंच लागतं.

धारदार पातळ सुरी, स्पिरिट, जुनं वर्तमानपत्र. मऊ भागाच्या वर दोन बोटं जागा सोडून आडवा काप घ्या आणि तोंड बघा. गर पांढरट-हिरवा असतो, मधोमध बांगडीसारखं एक कडं दिसतं. त्यातून पाणी वर जातं, आणि कूजही त्याच वाटेने वर चढते. कड्यात नारिंगी किंवा तपकिरी एक ठिपका जरी दिसला तरी सुरी स्पिरिटने पुसा आणि आणखी एक चकती काढा. पुन्हा बघा. सुरी प्रत्येक कापाला पुसायची, नाहीतर आपणच कूज वर नेऊन लावतो. इथे माया केली की झाड गेलं. मीही एकदा एका ठिपक्याकडे काणाडोळा केला होता. पंधरा दिवसांनी तोच ठिपका रुपयाएवढा झाला होता.

स्वच्छ तोंड मिळालं की कडा पेन्सिलीला टोक करतो तशा थोड्या तासा. गर सुकताना आत ओढला जातो, त्वचा मात्र तशीच राहते. तासलं नाही तर मधे वाटी होते, आणि नवी मुळं मधल्या कड्यातूनच यायची असतात. तोंडावर गंधकाची पूड भुरभुरा आणि उभं ठेवून सुकवा. आडवं ठेवलं तर खांब वाकतो. मार्चमध्ये दहा-बारा दिवस पुरतात, पावसाळ्यात तीन आठवडे, तेही पंख्याखाली.

सुकलेल्या तोंडावर बुचासारखी कडक खपली धरते. हे झाडाचं जुनं कसब आहे. सग्वारोच्या अंगात गिला सुतारपक्षी घरट्यासाठी भोक पाडतो. झाड आतून त्या भोकाला कडक अस्तर करतं आणि पुढे जगतं. झाड मेल्यावर गर कुजून जातो, पण ते बुटासारखं कवच वाळूत पडलेलं सापडतं. आपण खपली धरायला वेळ दिला नाही, तर ओल्या जखमेवर ओली माती लावली एवढंच होतं.

मग कोरड्या मिश्रणावर नुसतं टेकवून ठेवा, काठ्यांचा आधार द्या. मुळं दिसेपर्यंत पाणी नाही. दर आठवड्याला उचलून बघायचा मोह मला आजही आवरत नाही, तुम्ही आवरा.

इथे थांबा

कूज शेंड्यापर्यंत पोचली असेल, किंवा गोल कॅक्टसचा कडक भाग मुठीएवढाही उरला नसेल, तर सोडून द्या. बाजूला पिल्लं असतील आणि ती कडक असतील तर तेवढी काढून घ्या.

जमिनीतला किंवा मोठ्या पिंपातला डोक्याएवढा उंच खांब बुडाशी मऊ पडला असेल तर स्वतः कापू नका. २ मीटर उंच आणि १५ सेंटिमीटर जाड खांब म्हणजे ३० किलोच्या आसपास, सगळा काट्यांचा, आणि मऊ बुडावर उभा. तो कोणत्या बाजूला पडेल ते सांगता येत नाही. मुलं, गाडी, विजेची तार जवळ असेल तर झाडं उतरवणारी माहीतगार माणसं बोलवा, तोवर दोरीने बांधून त्याच्या आसपास कुणाला फिरकू देऊ नका.

दुर्मीळ किंवा महागाचं कलम मऊ पडत असेल तर वरचा भाग नव्या खुंटावर चढवता येतो, पण ते हात बसलेल्या माणसाचं काम. कॅक्टसचीच कलमं करणारा नर्सरीवाला गाठा, आणि दोन दिवसांत गाठा.

ड्रॅगन फ्रूटच्या बागेत रांगेने खोडं पिवळी-तपकिरी होत असतील तर वरचे घरगुती उपाय लावू नका. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात नमुना घेऊन जा. बुरशी की जिवाणू हे कळल्याशिवाय मारलेली फवारणी म्हणजे पैसे पाण्यात.

आणि शरीराचं. मोठा काटा सांध्यात किंवा खोल मोडला, जागा सुजली, लाल झाली, तर टोकरत बसू नका, डॉक्टरकडे जा. सशाच्या कानासारख्या दिसणाऱ्या निवडुंगाचे केसाएवढे काटे हाताला लागले तर चोळायचं नाही. त्यांना उलट्या कुसळी असतात. चिमट्याने निघतील तेवढे काढा, उरलेल्यांवर फेविकॉलचा थर आणि गॉज लावून वाळल्यावर सोलून काढा. डोळ्यात काटा किंवा युफोर्बियाचा चीक गेला असेल तर हा प्रयोग नाही: चीक असेल तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवत राहा, आणि दोन्हींत थेट नेत्रतज्ज्ञ.

कुजलेला भाग आणि ती माती दुसऱ्या कुंडीत घालू नका, कंपोस्टमध्येही नाही. पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. कुंडी मात्र घासून, महिनाभर उन्हात पालथी ठेवून परत वापरता येते.